वाचकांचे प्रश्न : उपाशी शैवाल अधिक विषारी का होते?

गेल्या अंकात समुद्रातील विषारी शैवालांविषयी एक छोटे टिपण दिले होते. पाण्यातले स्फुरद संपत आले की काही शैवालांच्या प्रत्येक पेशीतील विषाचे प्रमाण वाढते, असे एक वाक्य त्यात ओघात आले होते. नागपूर आणि आसपासच्या वाचकांची बहुतेक पत्रे नेमकी त्या एका वाक्यावर आली. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिन्हींची किल्ली त्यातच आहे.

प्रश्न : स. न. वि. वि. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. सांडपाणी आणि खते यांमुळे पोषक द्रव्ये वाढली की शैवाल बेसुमार वाढते, असे आम्ही वर्गात सांगतो. आपल्या टिपणात मात्र पोषक द्रव्य कमी पडल्यावर विष वाढते असे म्हटले आहे. ही दोन विधाने एकमेकांशी जुळतात कशी? विद्यार्थ्यांना दाखवता येईल असा एखादा प्रयोगही सुचवावा. (एक शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : दोन्ही विधाने बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींविषयी आहेत. पाण्यात शैवालाच्या पेशी किती आहेत, हा एक हिशेब आणि त्यातल्या एकेका पेशीत विष किती आहे, हा दुसरा. पहिला हिशेब पोषक द्रव्यांच्या एकूण पुरवठ्यावर चालतो, तर दुसरा त्या द्रव्यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असतो. वर्तमानपत्रांतील बातम्यांमध्ये हे दोन्ही नेहमी एकत्र केले जातात आणि तिथेच घोटाळा होतो.

प्रमाणाचा विचार अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांच्यापासून सुरू होतो. समुद्रातील प्लवकांच्या (पाण्याबरोबर तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या) शरीरात स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे सुमारे १६ आणि कार्बनचे सुमारे १०६ अणू असतात, आणि खोल समुद्राच्या पाण्यातही नत्र व स्फुरद जवळपास याच प्रमाणात सापडतात, असे त्यांनी १९३४ पासून मांडले. हे प्रमाण सरासरीचे आहे. प्रत्येक जातीला ते काटेकोरपणे लागू होत नाही आणि एकाच पेशीतही ते परिस्थितीनुसार बदलते. तरीही खूण म्हणून ते उपयोगी पडते. पाण्यातील नत्र-स्फुरदाचे गुणोत्तर १६ च्या बरेच वर गेले तर आधी स्फुरद संपण्याची शक्यता असते, बरेच खाली आले तर नत्र.

आता एक विष जवळून पाहू. अलेक्झांड्रियम नावाचे डायनोफ्लॅजेलेट गटातील (चाबकासारख्या शेपटांनी पोहणारे एकपेशीय) शैवाल सॅक्सिटॉक्सिन तयार करते. शिंपल्यांतून हे विष माणसाच्या पोटात गेले तर चेताकोशांवरील सोडियमच्या वाटा बंद होतात, ओठ व जीभ बधिर होतात आणि गंभीर विषबाधेत श्वसनाचे स्नायू थांबतात. या रेणूत कार्बनचे १० आणि नत्राचे ७ अणू असतात, म्हणजे त्याच्या वजनाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग निव्वळ नत्राचा असतो. त्यामुळे नत्र तुटपुंजे असेल तर पेशीला हे विष परवडत नाही आणि प्रयोगशाळेत नत्राची उपासमार केलेल्या अलेक्झांड्रियममध्ये ते घटलेले आढळते.

स्फुरद संपल्यावर मात्र चित्र उलटे होते. पेशीचे विभाजन व्हायचे तर जनुकद्रव्याची दुसरी प्रत तयार करावी लागते आणि त्या प्रतीच्या कण्यात स्फुरद असते. स्फुरद नसेल तर विभाजन खोळंबते. पाण्यातले नत्र मात्र पेशी शोषतच राहते. बांधकामावर विटांचे ट्रक येत राहावेत आणि सिमेंट संपलेले असावे, तशी ही अवस्था असते. साठलेल्या नत्राचा मोठा वाटा आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या रूपात राहतो आणि सॅक्सिटॉक्सिनच्या घडणीत कच्चा माल म्हणून आर्जिनिनच लागते. शिवाय या शैवालात विषाची निर्मिती पेशीचक्राच्या विभाजनापूर्वीच्या टप्प्यात होते आणि स्फुरदाअभावी पेशी नेमकी त्याच टप्प्यावर अडकून पडते. एरवी प्रत्येक विभाजनात विष दोन नव्या पेशींत वाटले जाते. ती वाटणीही आता थांबते. काही प्रयोगांत स्फुरदाची टंचाई सोसणाऱ्या पेशींमधील विष अशा रीतीने तिप्पट-चौपट झालेले दिसले आहे. म्हणून ‘उपाशी’ हा शब्द येथे जरा सैलपणे वापरला आहे, हे कबूल केले पाहिजे: ही पेशी एका द्रव्यासाठी उपाशी आणि दुसऱ्याने तुडुंब भरलेली असते.

सगळीच विषे नत्रावर पोसलेली नसतात. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर वारंवार ‘लाल भरती’ (पाणी लालसर करणारा शैवालाचा उद्रेक) आणणाऱ्या कॅरेनिया ब्रेव्हिस या शैवालाचे ब्रेव्हेटॉक्सिन आणि डायनोफायसिस या दुसऱ्या शैवालाचे ओकाडाइक आम्ल यांच्या रेणूंत नत्राचा एकही अणू नाही. ती कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच बनलेली आहेत. सूर्यप्रकाश मिळत असेल तर प्रकाशसंश्लेषणातून कार्बन येतच राहतो, म्हणून नत्र संपो वा स्फुरद, वाढ थांबली की जास्तीचा कार्बन अशा विषाकडे वळू शकतो. कॅरेनिया ब्रेव्हिसमध्ये स्फुरद कमी पडल्यावर दर पेशीमागील विष दुपटीहून अधिक झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे. या विचाराचे मूळ जमिनीवरच्या वनस्पतींत आहे. निकस जमिनीत मंद वाढणारी झाडे पानांत टॅनिनसारखी कार्बनयुक्त संरक्षक द्रव्ये अधिक साठवतात, असे गृहीतक १९८३ मध्ये मांडले गेले आणि पुढे ते शैवालांच्या विषांना लावून पाहण्यात आले. ढोबळमानाने ते लागू पडते: नत्रयुक्त विषे स्फुरदाच्या टंचाईत वाढतात, तर नत्ररहित विषे नत्र किंवा स्फुरद यांपैकी कशाच्याही टंचाईत वाढू शकतात.

वर्गात सांगण्याजोगे एक उदाहरण १९८८ चे आहे. त्या वर्षी मे-जूनमध्ये नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क यांच्यामधल्या समुद्रात क्रायसोक्रोम्युलिना पॉलिलेपिस या शैवालाचा मोठा उद्रेक झाला. पिंजऱ्यांत पाळलेले मासे मेले आणि उथळ पाण्यातील तळाचे जीवही मोठ्या प्रमाणात मेले. त्या पाण्यात नत्र भरपूर आणि स्फुरद अत्यल्प होते. नंतर प्रयोगशाळेत वाढवलेल्या याच जातीच्या पेशी स्फुरद कमी पडल्यावर अधिक विषारी ठरल्या.

डायटम या गटात आणखी एक घटक येतो. त्यांचे कवच सिलिकाचे असते, त्यामुळे त्यांच्या खर्चात नत्र आणि स्फुरदाच्या जोडीला सिलिकाही मोजावी लागते. स्यूडो-निट्झ्शिया या डायटमच्या काही जाती डोमोइक आम्ल तयार करतात. १९८७ च्या अखेरीस कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे आजारी पडली, तिघे दगावले आणि वाचलेल्यांपैकी काहींची नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली, तेव्हा या विषाची ओळख जगाला पटली. डोमोइक आम्लाच्या रेणूत नत्राचा एकच अणू असतो. तेवढे नत्र मिळत असेल आणि सिलिका किंवा स्फुरद संपून विभाजन मंदावले असेल, तर हे आम्ल पेशीत साठत जाते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याच शैवालाचा प्रचंड उद्रेक झाला आणि खेकड्यांचा हंगाम लांबणीवर टाकावा लागला. त्या वेळी माँटेरे उपसागरात नत्राच्या तुलनेत सिलिका फार कमी झाली होती आणि विषाची तीव्रता त्या असमतोलाशी जोडली गेली.

या साऱ्याला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, विष तयार करण्याची जनुके ज्या वाणात नाहीत तो वाण कितीही उपाशी ठेवला तरी विषारी होत नाही. टंचाई असलेल्या क्षमतेला वाढवते, नसलेली क्षमता निर्माण करत नाही. दुसरी मर्यादा एकूण बेरजेची. स्फुरद अगदीच नसेल तर पेशीच इतक्या थोड्या राहतात की, प्रत्येकीत चौपट विष असूनही पाण्यातील एकूण विष नगण्य ठरते. धोका असतो तो भरपूर पोषणावर उद्रेक झाल्यानंतर एक द्रव्य आधी संपते त्या काळात, कारण तेव्हा पेशीही पुष्कळ असतात आणि प्रत्येकीतले विषही चढत्या क्रमावर असते. याच कारणामुळे केवळ सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून शिंपले सुरक्षित ठरवणे मला अपुरे वाटते. शिंपल्यांच्या मांसातील विषच मोजले पाहिजे. जाता जाता आणखी एक: शैवाल खाणाऱ्या कोपेपॉड या बारीक कवचधारी जीवांनी पाण्यात सोडलेल्या रसायनांची चाहूल लागली तरीही अलेक्झांड्रियम विष वाढवते, आणि तेही पाण्यात नत्र पुरेसे असेल तेव्हा अधिक.

प्रयोगासाठी विषारी जात वर्गात आणू नये आणि त्याची गरजही नाही. क्लोरेलासारखे निरुपद्रवी हिरवे शैवाल तीन बाटल्यांत सारख्या उजेडात वाढवावे: एकीत पूर्ण पोषक द्रावण, दुसरीत नत्र वगळून, तिसरीत स्फुरद वगळून. नत्र नसलेली बाटली लवकर फिकट पिवळसर होते, कारण हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू लागतात. स्फुरद नसलेल्या बाटलीत पेशींची संख्या अडते, पण हिरवेपणा तुलनेने अधिक काळ टिकतो. वाढ थांबणे एकच असले तरी पेशीच्या आतली स्थिती दोन बाटल्यांत निराळी आहे, हे विद्यार्थ्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसेल.

प्रश्न : आमची काटोल भागात कपाशी आणि संत्र्याची शेती आहे. युरियामुळे समुद्रातील शैवाल विषारी होते असे हल्ली ऐकतो. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आमच्या पोत्याचा त्याच्याशी खरेच काही संबंध आहे का? (एक शेतकरी वाचक)

उत्तर : वाट लांब आहे, पण ती आहे. नागपूर जिल्ह्याच्या पूर्व भागाचे पाणी कन्हानमधून वैनगंगेला जाते, पश्चिम भागाचे वर्धा नदीला. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. एवढ्या प्रवासात नत्राचा बराच भाग गाळातील जिवाणू वायुरूपाने हवेत सोडतात आणि काही भाग धरणांच्या जलाशयांतील शैवाल व पाणवनस्पती खर्च करतात. त्यामुळे काटोलचे अमुक पोते अमुक समुद्रातील विषाला जबाबदार, अशी सरळ रेघ ओढणे गैर आहे आणि तसे कुणी म्हणत असेल तर ते ऐकून घेऊ नये.

प्रमाणाची गोष्ट मात्र आपल्या शेतातच सुरू होते. डीएपी या नत्र-स्फुरदयुक्त खताच्या ५० किलोच्या पोत्यावर १८:४६ (नत्र आणि स्फुरद यांचे टक्के) लिहिलेले असते. त्यात नत्र ९ किलो असते. ४६ हा आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा असल्याने प्रत्यक्ष मूलद्रव्य स्फुरद साधारण १० किलो भरते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र पावणेएकवीस किलोच्या आसपास असते आणि स्फुरद शून्य. एका डीएपीमागे दोन युरिया टाकले तर वजनाने नत्र-स्फुरदाचे प्रमाण सुमारे पाचास एक येते. रेडफील्डचे १६:१ हे अणूंचे प्रमाण वजनात मांडले तर सव्वासातास एक होते, म्हणजे शेतात पडलेले खत काही फार नत्राकडे झुकलेले नसते. पण शेतात जे पडते ते तसेच वाहून जात नाही. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत स्फुरद कॅल्शियमशी आणि चिकणमातीशी घट्ट बांधले जाते आणि गेलेच तर मातीच्या धुपेबरोबर जाते. युरियातून तयार होणारे नायट्रेट पाण्यात विरघळलेले असते आणि जोराच्या पावसात सहज निघून जाते. म्हणून शेतातून नाल्यात उतरणारे विद्राव्य खत नत्राकडे बरेच झुकलेले असते. त्यातच मधल्या जलाशयांच्या तळाशी गाळाबरोबर स्फुरद आणि डायटमच्या कवचांबरोबर सिलिकाही बसते.

युरियाविषयी आपण ऐकले त्यालाही आधार आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील स्यूडो-निट्झ्शियाच्या एका जातीला प्रयोगशाळेत नत्र युरियाच्या रूपात दिले, तेव्हा ते नायट्रेट किंवा अमोनियमवर वाढवलेल्यापेक्षा अधिक डोमोइक आम्ल तयार करताना आढळले. सगळ्या शैवालांना हे लागू नाही, मात्र नत्र कोणत्या रूपात मिळते यालाही महत्त्व आहे, एवढे त्यावरून दिसते.

शेतकऱ्याने काय करावे, याचे उत्तर समुद्रासाठी वेगळे आणि खिशासाठी वेगळे नाही. माती परीक्षण करून मात्रा ठरवावी. कपाशीला नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावे. आभाळ भरून आले असताना युरिया फेकू नये, आणि दिला तर मातीआड करावा. २०१५ पासून देशात युरियाला कडुनिंबाचे आवरण देणे सक्तीचे झाले, ते त्याचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावण्यासाठीच. तरीही उताराच्या वावरात पहिल्याच मोठ्या पावसाला ते सगळे धरून ठेवू शकत नाही. बांधावर गवताचा पट्टा राखला तर माती आणि तिच्याबरोबरचे स्फुरद अडते, पण विरघळलेले नायट्रेट त्यातून बऱ्यापैकी निसटते, हेही ध्यानात ठेवावे.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत आम्ही कोकणात गेलो असता रात्री लाटा निळ्या चमकताना पाहिल्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांचे कालवण खाल्ले. पुढील वेळी ते टाळावे का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : ती चमक बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची असते. लाटेचा धक्का लागला की त्याच्या पेशीत रासायनिक क्रिया होऊन प्रकाश पडतो. नॉक्टिल्युका वर सांगितलेल्या विषांपैकी एकही तयार करत नाही. तो इतर शैवाले गिळतो आणि त्यांतील नत्रापैकी स्वतःला न लागणारे अमोनियाच्या रूपात साठवतो व पाण्यात सोडतो. दाट उद्रेकात त्या अमोनियाने आणि प्राणवायूच्या कमतरतेने मासे मरू शकतात. तेव्हा निळ्या लाटांवरून तिसऱ्या विषारी ठरत नाहीत आणि स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावरून त्या निर्धोकही ठरत नाहीत.

कालवे, तिसऱ्या, शिनाणे हे सर्व पाणी गाळून खाणारे जीव असल्याने शैवालातील विष त्यांच्या मांसात साठते. सॅक्सिटॉक्सिन शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. १९९७ मध्ये केरळमधील विळिंजम येथे शिंपले खाल्ल्याने अशाच विषबाधेत सात जण दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. समुद्राचा रंग बदललेला असेल, मासे मरून किनाऱ्याला लागले असतील किंवा स्थानिक कोळी स्वतः शिंपले काढत नसतील, तर पाहुण्यांनी हट्ट धरू नये. खाल्ल्यानंतर अर्ध्या-एक तासात ओठ, जीभ किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. या विषावर उतारा नाही, पण श्वासोच्छ्वासाला यंत्राचा आधार वेळेवर मिळाला तर रुग्ण सहसा वाचतो. नागपुरात बर्फातून येणाऱ्या समुद्री माशांच्या मांसात हे विष क्वचितच असते. ते असलेच तर प्रामुख्याने आतड्यांत असते, म्हणून लहान मासेही पोट काढूनच शिजवावेत.

प्रश्न : फुटाळा, अंबाझरी अशा तलावांचे पाणी कधी कधी हिरवे होते. हे गोड्या पाण्याचे तलाव आहेत. समुद्रातील नियम येथे लागू होतो का, आणि जनावरांना त्याचा धोका आहे का? (एक वाचक, सीताबर्डी, नागपूर)

उत्तर : जीव वेगळे, हिशेब तोच. गोड्या पाण्यात विष तयार करणारे मुख्यतः निळे-हिरवे जिवाणू असतात आणि त्यांतील मायक्रोसिस्टिस हा सर्वांत परिचित. त्याच्या मायक्रोसिस्टिन या यकृतघातक विषाच्या नेहमीच्या प्रकारात नत्राचे १० अणू असतात, त्यामुळे नत्र भरपूर असेल तेव्हा ते वाढते आणि नत्र आटले की घटते. शहरी तलावांत साबण आणि मैलापाण्यातून स्फुरद, तर मैलापाण्यातूनच नत्रही येत राहते, म्हणून येथे एखादे द्रव्य संपण्याची वेळ क्वचित येते आणि पेशींची संख्या हाच मुख्य प्रश्न होऊन बसतो. याचा अर्थ स्वच्छता एकतर्फी करू नये, असाही निघतो. युरोपात साबणातील फॉस्फेट आणि सांडपाण्यातील स्फुरद आधी आटोक्यात आले, शेतांतील नत्र मागे राहिले आणि उत्तर समुद्राच्या किनाऱ्यालगत नत्र-स्फुरदाचे गुणोत्तर वर गेले. स्फुरद कमी केले ही चूक नव्हती, कारण त्याने एकूण शैवाल घटले. नत्राला त्याच वेगाने हात घातला नाही, ही उणीव राहिली.

नागपूरचे पिण्याचे पाणी प्रामुख्याने पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येते, तेव्हा या तलावांवरून नळाच्या पाण्याची धास्ती घेण्याचे कारण नाही. मात्र जनावरांना हिरवी साय धरलेल्या पाण्यावर नेऊ नये. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे ही साय ढकलली जाऊन दाट होते, त्यामुळे एकाच तलावाचा एक काठ निवळ आणि दुसरा घातक असू शकतो. कुत्र्यांना अशा पाण्यात पोहू दिले तर अंगाला लागलेली साय ते चाटतात, तेव्हा त्यांना लगेच स्वच्छ पाण्याने धुवावे. पाणी उकळून हे विष नाहीसे होत नाही; उलट पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराच्या पुरवठ्यात मायक्रोसिस्टिन आढळले, तेव्हा चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका आणि उकळूही नका, असेच सांगण्यात आले होते.